सिनेमाची पाटी आणि पहिल्या वर्षाची पोरं

(नाचणगाव, जिल्हा वर्धा, इथल्या बुद्धविहारात कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर आणि त्यांना शिकवणाऱ्या काही मास्तरांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. तोंडात जसं आलं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



मला इथं उभं केलंय याचं आश्चर्य सगळ्यात जास्त मलाच वाटतंय. समोर चार मास्तर बसलेत, त्यातल्या दोघांच्या नावामागं डॉक्टर आहे. मी दहावी पास, तोही गणितात काठावर. मुंबईच्या गोदीत एका ठेकेदाराच्या टोळीत बोटीवरचा माल उतरवतो आणि रात्रपाळी नसली की कविता लिहितो. विषय काय दिलाय, तर कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना लिहायला कसं शिकवावं, आणि त्यासाठी सिनेमा, गाणी, डीजे, रील हे असलं सगळं वापरावं का. म्हणजे ज्यानं कॉलेज फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलं त्यानं हे सांगायचं. चालायचंच. मास्तर शिकवतात तेव्हा परीक्षा पोरांची असते. मी शिकवलं तेव्हा परीक्षा माझी होती. ते कसं, ते आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला गोदीत लोखंडी पत्र्याचं बंडल उतरवताना स्लिंग सुटला. माझं उजवं मनगट मोडलं, दोन बोटं चेमटली. हॉस्पिटलात प्लास्टर ओलं असतानाच ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन आला. कागदावर टाइप केलेलं होतं, ‘सदर कामगाराच्या निष्काळजीपणामुळे सदर अपघात घडून आला असून त्याबाबत सदर कामगाराची कोणतीही तक्रार नाही.’ एका वाक्यात तीनदा सदर. मी डाव्या हातानं सही केली.

आता बघा. मी कविता लिहिणारा माणूस. मासिकात नाव छापून येतं, कुणी कुणी पत्रं पाठवतात की तुमच्या शब्दांत आग आहे. आणि त्या आगीला एका टाइप केलेल्या वाक्याला उलट उत्तर देता आलं नाही. त्या वाक्यात झिजलेला वायररोप नव्हता, बारा तासांची पाळी नव्हती, मुकादमाची घाई नव्हती. नुसता सदर कामगार होता. मला ते दिसत होतं, पण त्याच्यासमोर दुसरं वाक्य कसं उभं करायचं ते येत नव्हतं. शिवी येत होती. शिवीवर सही घेत नाहीत.

चार महिने गावी आलो. मी ह्याच गावचा, विहारामागच्या गल्लीतला. हात गळ्यात बांधलेला, काम नाही. संध्याकाळी वंदना झाली की पोरं ह्या मागच्या भिंतीला टेकून मोबाइल बघत बसायची. बहुतेक सगळी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. घरातून कॉलेजात गेलेलं पहिलंच माणूस, असं जवळपास प्रत्येकाचं. एकाची वही तांबड्या शाईनं रक्ताळून परत आली होती, खाली शेरा होता, ‘भाषा अशुद्ध, वाचन वाढवा.’ तो पोरगा पुढं कॉलेजला गेलाच नाही. वीटभट्टीवर जातो. आज तो इथं नाही, त्याची पाळी आहे. म्हणून म्हणतो, लिहायला शिकवणं ही काही नाजूक कलाकुसरीची गोष्ट नाही. त्यात माणूस राहतो किंवा जातो.

तर त्या पोरांनी मला विचारलं, भाऊ, तुम्ही लिहिता म्हणे, आम्हाला असाइनमेंट कसं लिहायचं ते सांगा. मी म्हटलं, आधी आपल्या गावावर दहा ओळी लिहा. अकरा जणांनी लिहिलं. अकरापैकी नऊ जणांची पहिली ओळ एकच : ‘माझे गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले आहे.’

मी म्हटलं, लेकहो, कुशीत कुठं? एका अंगाला पुलगाव, तिथं बंद पडलेली कापसाची गिरणी. पुलगाव-आर्वीची छोटी गाडी, जिच्यात बसून तुमची आजी माहेरी गेली, तीही बंद. आणि दुसरीकडं दारूगोळ्याचं भांडार, त्याची तार. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर त्या भांडारात आग लागली, स्फोट झाले, माणसं मेली, आजूबाजूच्या गावांतले लोक अंगावरच्या कपड्यांनिशी पळाले. तुम्ही आठ-नऊ वर्षांचे होता, तुम्हाला आठवतं. २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा निकामी करताना परत स्फोट झाला, ६ माणसं गेली, त्यात रोजावर गेलेले गावकरी होते. हे सगळं तुमच्या डोक्यात आहे आणि कागदावर काय, तर निसर्गाची कूस!

एक पोरगा म्हणाला, ‘भाऊ, मले सारं मालूम हाय. पण ते निबंधात लिहत असतात का?’

ह्या प्रश्नापाशी मी तीन दिवस अडकलो. खरं सांगतो, मास्तर, हाच सगळा रोग आहे. पोरांना लिहिता येत नाही हे खोटं. त्यांना असं शिकवलंय की त्यांच्या डोळ्यानं पाहिलेलं लिहायचं नसतं. निबंध दुसऱ्याच कुणाच्या तरी गावचा असतो, तिथं पहाटे पाखरं किलबिलतात, आजोबा आरामखुर्चीत बसतात. आपण त्या गावात भाड्यानं राहायला जातो आणि दर परीक्षेला भाडं भरतो.

आता सिनेमा कुठून आला ते सांगतो. तो काही मी ठरवून आणला नाही. त्याच आठवड्यात दोन पोरं भांडत होती. डीजेवर वाजलेल्या एका गाण्याच्या चालीवर त्यांनी नवे बोल बांधले होते, विषय एसटीचा. कॉलेजच्या वेळेला गाडी फाट्यावर थांबतच नाही, त्यावर. भांडण कशावरून? एका ओळीत दोन अक्षरं जास्त होत होती. एक म्हणे ‘कंडक्टर’ काढ, दुसरा म्हणे कंडक्टर गेला तर गाण्यात मजा काय राहिली. तासभर चाललं होतं. ती ओळ त्यांनी वहीत अकरा वेळा खोडली होती, मी मोजली. आणि हीच पोरं, ज्यांनी आपला निबंध एकदाही परत वाचला नव्हता!

मी बसलेल्या जागी चमकलो. लिहिणं म्हणजे दुसरं असतं काय? खोडणं. जास्तीचा शब्द काढणं. काढलेला शब्द परत ठेवून बघणं. ऐकणारा कुठं अडखळेल त्याचा अंदाज घेणं. हे सगळं ह्यांना येत होतं, फक्त ते गाण्याच्या वहीत येत होतं, असाइनमेंटच्या वहीत नाही. दोन वह्यांमध्ये भिंत होती. भिंत पोरांनी बांधलेली नव्हती.

ह्या गोष्टीला आपल्यात मोठी परंपरा आहे, आणि ती कॉलेजात कुणी सांगत नाही. वामनदादा कर्डक घ्या. १९२२ चा जन्म, नाशिक जिल्ह्यातलं देशवंडी. मुंबईत कारखान्यात राबले. तरुण झाले तरी अक्षर येत नव्हतं. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि वाचता येईना, त्या शरमेनं शिकले. बाराखडी एका गुरुजींकडून, जोडाक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून. आणि त्यांचं पहिलं गाणं? मे १९४३ मध्ये केलेलं एका हिंदी गाण्याचं विडंबन. पुढं आयुष्यभर ज्या माणसानं गावोगावच्या वस्त्यांना गाणं दिलं, त्याचा पहिला धडा हा असा, दुसऱ्याच्या चालीवर आपले बोल बसवायचा. आपण ज्याला चोरी म्हणून हसतो ती त्यांची शाळा होती.

अण्णा भाऊ साठे तर आणखी पुढचे. वाटेगावात शाळा दीड दिवस. बापाबरोबर चालत मुंबईला आले, मिळेल ते काम केलं, हमालीसुद्धा. अक्षर कुठून शिकले? सिनेमाच्या पोस्टरांवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून. रस्त्यात उभं राहून अक्षराला अक्षर जोडत. त्याच माणसाची ‘फकिरा’ १९५९ साली आली, १९६१ ला तिला सरकारचं बक्षीस मिळालं. आणि गंमत बघा, ज्या सिनेमाच्या पाटीवरून अक्षर शिकले त्या सिनेमानं पुढं त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट काढले. तेव्हा कुणी मला म्हणालं की सिनेमा-बिनेमा वर्गात आणणं म्हणजे दर्जा खाली आणणं, तर मी विचारतो, कुणाचा दर्जा? अण्णा भाऊंचा?

मास्तर, राग मानू नका. तुमच्यातल्या एकानं मघाशी चहा पिताना मला सांगितलं की आम्हीही हल्ली वर्गात सिनेमाची क्लिप दाखवतो, पोरं जागी राहतात. इथंच माझं भांडण आहे. कडू गोळीला गूळ लावावा तसा तुम्ही सिनेमा लावता. गूळ चाटून झाला की पोरगं गोळी थुंकतं. सिनेमा जागं ठेवायला नाही. त्याच्यावर काम करायचं असतं, हमालासारखं. खोलायचा, बंडल उतरवायची, मोजायची, फाटकं कुठं आहे ते लिहायचं. आमच्याकडं टॅली क्लार्क असतो, बोटीतून किती नग उतरले आणि किती फुटले ते तो लिहितो. चांगला टॅली क्लार्क ‘माल खराब होता’ असं लिहीत नाही. तो लिहितो, ‘दोन पोती शिवणीत उसवली.’ मला विचाराल तर मराठी गद्याचा पहिला धडा तिथं द्यावा.

मग आम्ही ‘फँड्री’ घेतला. नागराज मंजुळेंचा, २०१३ चा. सगळ्यांनी पाहिलेला, काहींनी चार-पाचदा. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर, हेही सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, शेवटी डुक्कर वाहून नेतात तेव्हा मागच्या शाळेच्या भिंतीवर कोण आहे? कुणाला सांगता येईना. परत लावलं, आवाज बंद करून. भिंतीवर बाबासाहेब. सावित्रीबाई. पोरं गप्प झाली. चार वेळा पाहिलं आणि आपलाच बाप दिसला नाही. म्हणजे बघणं आणि दिसणं यात फरक आहे, आणि तो फरक लिहायला बसल्याशिवाय कळत नाही.

मग त्याच्या आधीचा प्रसंग. डुकराच्या मागं धावपळ चाललेली असते आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं कुटुंब होतं तिथं उभं राहतं. मी म्हटलं, हे दहा वाक्यांत लिहा. विशेषण एकही नको. आणि तीन शब्दांना बंदी : अन्याय, समाज, व्यवस्था. (हे तीन शब्द बंद केले तर माझ्या स्वतःच्या निम्म्या कविता पडतील, ते मला माहीत आहे. पण मास्तर झाल्यावर माणूस निर्दय होतो.) पोरांनी डोकं खाजवलं. विशेषणाशिवाय लिहिणं म्हणजे चपलेशिवाय उन्हात चालणं. पहिल्या दिवशी कुणाचं धड झालं नाही. दुसऱ्या दिवशी एका पोराच्या वहीत हे सापडलं : ‘सगळे थांबले. डुकराला राष्ट्रगीत माहीत नव्हते. ते थांबले नाही.’

तीन वाक्यं. मी ती वही घरी नेली आणि रात्रभर उशाशी ठेवली. आम्ही कवी लोक विद्रोह विद्रोह म्हणून पानंच्या पानं काळी करतो, आणि ह्या अठरा वर्षांच्या पोरानं आवाज न चढवता हे लिहून ठेवलं. निबंधात हा पोरगा निसर्गाच्या कुशीत होता, लक्षात ठेवा.

सिनेमा आपला मित्र आहे असंही समजू नका. ‘गली बॉय’ आला २०१९ ला. आमच्या पोरांना फार आवडतो, रॅप त्यांना तोंडपाठ. मी म्हटलं, काय दिसतं ते सगळे लिहितात, तुम्ही काय दिसत नाही ते लिहा. धारावी दिसते, गटार दिसतं, गरिबी दिसते, बाप मारताना दिसतो. जात दिसते का? त्या रात्री जे वाद झाले ते आठवून अजून मजा वाटते. एक म्हणे, मुसलमान पोराची गोष्ट आहे, जात कुठून येईल. दुसरा म्हणे, धारावीत चर्मकार नाहीत का, चामड्याचं काम कोण करतं? मी फक्त एवढंच म्हणत होतो, हे बोलू नका, लिहा. बोललेलं सकाळी कुणालाच आठवत नाही. गाण्याचं तसंच. जे गाणं आपल्याला नाचवतं त्यालाही विचारायचं, बाबा रे, तू कुणाच्या पैशावर वाजतोस, तुझ्यात बाई कुठं आहे, बाबासाहेबांचं नाव घेऊन तू काय विकतोस. नाहीतर आपण नुसते फॅन होतो.

आपण बसलोय त्या जिल्ह्याला शिक्षणाच्या प्रयोगांचं मोठं कौतुक आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथं तासाभरावर, वर्ध्यात, गांधीजींनी परिषद भरवली. झाकीर हुसेन समितीनं आराखडा केला. वर्धा योजना, नई तालीम. हाताच्या कामातून शिक्षण, सूत काततकातत शिकायचं. योजना कागदावर वाईट नव्हती, हातानं काम करणाऱ्याला मान देत होती. पण आमच्या पोरांच्या हातात काम शेकडो वर्षं होतंच की! हात भरलेलेच होते, कमी होतं ते अक्षर. ज्याला हातकाम करावं लागलं नाही त्याला हातकामातून शिक्षण ही नवलाई. आम्हाला हातातलं काम खाली ठेवून लिहायला बसायची सवड, ही नवलाई. बाबासाहेबांनी कॉलेजं काढली, टकळ्या वाटल्या नाहीत. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादला मिलिंद. आणि त्या मिलिंदमध्ये काय झालं ते ऐका. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिलं, १९५५ साली कॉलेजच्या पोरांनी ते बाबासाहेबांसमोर केलं. जलसे ऐकत वाढलेल्या पिढीच्या पोरांना कॉलेजात रंगमंच मिळाला. पुढं त्याच औरंगाबादेतून १९६७ पासून गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मिता’, मग ‘अस्मितादर्श’ चालवलं. कॉलेज आणि वस्ती यांच्यात दार ठेवलं की काय बाहेर पडतं ते त्या अंकांत बघा.

ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे नावाचा मास्तर होता. १९६३ साली अंजिकोस नावाच्या गावात ३०० कामकऱ्यांना ४० तासांत लिहावाचायला शिकवायचा प्रयोग त्यानं केला. पुस्तकातल्या कमळापासून सुरुवात नाही, लोकांच्या रोजच्या तोंडातल्या शब्दापासून. त्याच्या एका ठिकाणच्या धड्यात पहिला शब्द होता ‘वीट’. पुढच्या वर्षी लष्करानं सत्ता घेतली आणि मास्तरला तुरुंगात टाकलं. विटेपासून शिकवणं किती धोक्याचं आहे ते लष्कराला बरोबर कळलं. आपला वीटभट्टीवरचा पोरगा, त्याला ‘वाचन वाढवा’ म्हणण्याऐवजी कुणी ‘वीट’ लिही म्हणालं असतं तर?

आता थोडं आपल्या घरातलं. सगळं बोट बाहेर दाखवून भाषण संपवणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही.

एका संध्याकाळी मी म्हटलं, तुमच्या आजूबाजूला जे छापलेलं आहे त्यावर एक पान लिहा. पाटी, बॅनर, गुटख्याची पुडी, काहीही. एका मुलीनं लिहून आणलं. पावसात तिचं घर गळत होतं म्हणून बापानं जयंतीचा जुना फ्लेक्स कवेलूखाली ताणून बांधला होता, छापलेली बाजू खाली. रात्री उताणं पडलं की सगळे चेहरे तिच्याकडं बघतात. तिनं ते मोजले. तिच्या पानाची सुरुवात होती : ‘आमच्या छतात २७ माणसे राहतात. त्यांत बाई एकही नाही.’ पुढं लिहिलं होतं की जयंतीची वर्गणी घरोघर फिरून बायांनी गोळा केली, स्वयंपाक बायांनी केला, आणि फ्लेक्सवर ‘मार्गदर्शक’ म्हणून ज्याचा फोटो आहे तो त्या दिवशी प्यालेला होता. शेवटी लिहिलं होतं, ‘पाणी मात्र तरीही गळते.’

मी वाचलं आणि पोटात गोळा आला. लिखाण तर पक्कं होतं. पण त्या २७ मध्ये, खालच्या ओळीत तिसरा, गॉगल लावलेला, मी होतो.

पोरांनी गोंधळ केला. हे विहाराच्या बोर्डावर लागणार नाही, बाहेरचे वाचतील, चळवळीची बदनामी होईल. आणि मी, जो चार आठवडे सांगत होतो की डोळ्यानं पाहिलेलं लिहा, मी काय म्हणालो? म्हणालो, ‘चांगलं आहे, पण थोडं सौम्य कर.’

ती उभी राहिली. म्हणाली, ‘भाऊ, तुम्ही निसर्गाच्या कुशीत लिहू देत नाही, अन् हे बी लिहू देत नाही. मंग आमी लिहाव काय?’

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पान बोर्डावर लागलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फाडलं. तिनं परत लिहिलं, ह्या वेळी निम्मं, आणि पान फाडल्याचं त्यात घातलं. दुसरं पहिल्यापेक्षा चांगलं झालं होतं. ते आठ दिवस राहिलं, मग पावसानं गेलं. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवेचा निबंध आला, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा-एक वर्षांची मांगाची पोर. शाळेतला निबंधच होता तो. तोही कुणाला सौम्य वाटला नसणार. आपण भाषणात मुक्ताचं नाव घेतो आणि समोर मुक्ता उभी राहिली की म्हणतो, थोडं सौम्य कर बाई. मी म्हणालो होतो, म्हणून सांगतो.

मास्तरांचा एक प्रश्न येणार हे मला माहीत आहे. हे सगळं ठीक, पण पेपरात पोरानं ‘मले, तुले’ लिहिलं तर? तर मार्क जातील. आणि ते त्याला आधीच सांगितलं पाहिजे. ‘तुमच्या बोलीतच लिहा, ती फार गोड आहे’ असं म्हणणाऱ्यांचा मला संशय येतो. स्वतः ते प्रमाण मराठीत पगार घेतात. बोली आपली आहे, ती टाकायची नाही, पण कचेरीची, कोर्टाची, पेपराची भाषा हे हत्यार आहे आणि ते दुसऱ्याच्या हातात ठेवून चालणार नाही. आम्ही एकच प्रसंग दोनदा लिहायचो, एकदा घरी माईला सांगतो तसा, एकदा तहसीलदाराला सांगतो तसा. माईला सांगितलेल्यात माणसं असायची, तहसीलदाराला सांगितलेल्यात नुसतं ‘करण्यात आले’, ‘घडून आले’. मग काम काय, तर तहसीलदाराच्या भाषेत माईची माणसं परत आणायची. एवढंच व्याकरण मी शिकवलं. पण त्यात महिना गेला.

त्या महिन्यात माझा कागद निघाला. तेव्हा १९२३ चा कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा होता, त्याखाली अर्ज करायचा हे मला टोळीतल्या एका म्हाताऱ्यानं फोनवर सांगितलं. माझा हात चालत नव्हता. मी म्हटलं, मी सांगतो, तुम्ही लिहा. तीच मुलगी लिहायला बसली. मी सांगितलं, ‘स्लिंग सुटला.’ तिनं पेन थांबवला. म्हणाली, ‘भाऊ, सुटला म्हंजे आपोआप सुटला का? तपासाचं काम कोणाचं होतं?’

मघाशी भाषणाच्या सुरुवातीला मी तुम्हालाही तेच सांगितलं, स्लिंग सुटला. कुणी विचारलं नाही. त्यांच्या कागदातही अपघात आपोआप घडून आला होता. म्हणजे त्यांचं वाक्य माझ्या तोंडात कधी येऊन बसलं ते मलाच कळलं नव्हतं.

अर्ज आम्ही सात वेळा लिहिला. एकही विशेषण नाही. शेवटी तो असा झाला : ‘त्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने दोर तपासला नाही. दोर झिजलेला होता. बारा तासांच्या पाळीच्या शेवटी तो तुटला. मी त्याखाली उभा होतो, कारण मला तेथे उभे केले होते. हॉस्पिटलात माझी सही घेतली तेव्हा माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. सही डाव्या हाताची आहे, ती पाहावी.’ ही शेवटची ओळ डुकराच्या राष्ट्रगीतवाल्या पोराची.

स्पीड पोस्टानं पाठवला. पोचल्याची पावती माझ्या ह्या खिशात आहे. ठेकेदाराकडून अजून उत्तर नाही. हात आता चालतो, ही दोन बोटं वाकत नाहीत. कामावर परत घेतलंय, त्याच टोळीत, दुसऱ्या बोटीवर.

उद्या रात्रीची गाडी आहे. एसटीच्या गाण्यातली ती ओळ अजून एका अक्षरानं लांबच आहे, मी सकाळी परत मोजली. ‘कंडक्टर’ ठेवा, त्याच्या मागचा ‘तो’ काढून बघा. आणि ज्यांच्या वह्या बघायच्या राहिल्यात त्यांनी दुपारच्या आत घरी या. वीटभट्टीवाल्याला निरोप द्या, पाळी सुटल्यावर आला तरी चालेल, मी जागा आहे.